मोनेचा वॉटर्लू पूल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेच्या लंडनच्या चित्रांवर लिहायला लागल्यापासून तेच ते प्रश्न वेगवेगळ्या लोकांकडून येतात. कुणी लंडनला निघालेलं असतं, कुणी कलामहाविद्यालयात शिकत असतं, कुणाला दिवाणखान्यात प्रत लावायची असते. उत्तरं इथे एकत्र केली आहेत. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, म्हणजे एका उत्तरातून दुसऱ्याकडे जाता येईल.

१. मोनेचं ‘वॉटर्लू ब्रिज’ हे नेमकं कोणतं चित्र? नेटवर शोधलं की दरवेळी वेगळंच येतं.

कारण ते एक चित्र नाहीच. थेम्स नदीवरच्या या पुलाची मोनेची ४१ तैलचित्रं नोंदलेली आहेत. त्याच काळात त्याने शेजारच्या चेरिंग क्रॉस पुलाची आणि ब्रिटिश संसदेचीही चित्रं केली, म्हणजे लंडनची एकूण चित्रं शंभराच्या आसपास जातात. नावंही एकमेकांना खेटून आहेत : ‘धुक्याचा परिणाम’, ‘उन्हाचा परिणाम’, ‘झाकोळलेला सूर्य’, ‘करडा दिवस’. म्हणून नुसतं नाव सांगून भागत नाही, कोणत्या संग्रहालयातलं तेही सांगावं लागतं. जाणकार मंडळी दानिएल वाइल्डनस्टाइनने केलेल्या मोनेच्या चित्रांच्या सूचीतला क्रमांक वापरतात. लिलावगृहांच्या माहितीत हा क्रमांक दिलेला असतो.

२. मोनेचं नाव ज्याच्याशी जोडलं जातं तो दृक्प्रत्ययवाद (इम्प्रेशनिझम) म्हणजे काय, एका परिच्छेदात सांगाल का?

वस्तू कशी आहे यापेक्षा त्या घटकेला, त्या उजेडात ती डोळ्याला कशी दिसते, ते रंगवणं. १८७४ मध्ये पॅरिसमध्ये नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत काही चित्रकारांनी स्वतःचं प्रदर्शन भरवलं. त्यात मोनेचं ल हाव्र बंदराचं ‘इम्प्रेशन, सूर्योदय’ होतं. लुई लरुआ या समीक्षकाने त्या नावाची टिंगल करत सगळ्या गटालाच ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं. लंडनची चित्रं त्यानंतर पाव शतकाने आली. तोपर्यंत मोने साठीच्या उंबरठ्यावर होता आणि टिंगलीचे दिवस संपले होते.

३. हा तोच कमळांच्या तळ्यावरचा हिरवा पूल का?

नाही. तो फ्रान्समधल्या जिव्हेर्नी गावी मोनेच्या स्वतःच्या बागेत होता : लाकडी, लहान, जपानी धाटणीचा. वॉटर्लू पूल दगडी आणि महानगरातल्या वर्दळीचा. गंमत इतकीच, की दोन्हींवर तो साधारण एकाच सुमारास, १८९९ मध्ये, काम करत होता.

४. फ्रेंच चित्रकाराला लंडन कशासाठी?

पहिल्यांदा गेला तो नाइलाजाने. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं तेव्हा तो बायको-मुलासह लंडनला आला. त्या मुक्कामात दोन गोष्टी घडल्या. टर्नर आणि कॉन्स्टेबल या इंग्रज निसर्गचित्रकारांची चित्रं पाहायला मिळाली, आणि पॉल द्युराँ-र्‍युएल हा चित्रविक्रेता भेटला, ज्याने पुढे या सगळ्या इम्प्रेशनिस्ट गटाला जगवलं. त्याच गटातला चित्रकार पिसारोही तेव्हा लंडनमध्येच होता.

दुसऱ्यांदा गेला तो स्वतःच्या मर्जीने आणि पैसे बाळगून. धाकटा मुलगा मिशेल तिथे इंग्रजी शिकत होता, हेही एक निमित्त. १८९९ चा शरद, १९०० चा हिवाळा-वसंत आणि १९०१ चा हिवाळा-वसंत अशा तीन खेपा झाल्या. शेवटच्या खेपेला फुप्फुसाच्या आवरणाला सूज येऊन तो अंथरुणाला खिळला आणि काम अर्धवट टाकून परतला.

५. चित्रं कुठे बसून काढली? पुलाकडे वरून पाहिल्यासारखं वाटतं.

बरोबर वाटतं. सॅव्हॉय हॉटेलच्या नदीकडच्या सज्जातून. १८९९ मध्ये तो सहाव्या मजल्यावर होता. पुढच्या वर्षी पाचव्यावर, कारण सहावा मजला दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धातून आलेल्या जखमी अधिकाऱ्यांसाठी दिलेला होता. हॉटेल नदीच्या उत्तर तीरावर आहे. डावीकडे पाहिलं की वॉटर्लू पूल, उजवीकडे पाहिलं की चेरिंग क्रॉस. सकाळी सूर्य वॉटर्लू पुलाच्या पलीकडून येतो, त्यामुळे पुलाची आपल्याकडची बाजू सावलीत राहते आणि कमानींतून उजेड पाण्यावर सांडतो. दुपारकडे सूर्य सरकला की मोने चेरिंग क्रॉसकडे वळायचा, आणि उतरत्या उन्हात नदीपलीकडच्या सेंट टॉमस रुग्णालयात जाऊन तिथून संसद रंगवायचा. दिवसाचं वेळापत्रक सूर्यानेच आखून दिलेलं होतं.

हॉटेल महागडं होतं हे खरं, पण लंडनच्या हिवाळ्यात उघड्यावर दिवसभर उभं न राहता हा कोन मिळणारी दुसरी जागा सहज सापडली नसती.

६. एकच पूल इतक्या वेळा? विकायला सोपं म्हणून का?

विकलं जात होतं, हे नाकारायचं कारण नाही. गवताच्या गंजी (१८९०-९१) आणि रूआँचं कॅथेड्रल (१८९२-९४) या मालिकांनी त्याला नाव आणि पैसा दोन्ही दिले होते. पण एवढ्यावर बोळवण केली तर त्याचं काम समजत नाही.

कल्पना करा, सकाळी नऊला धुकं निळसर आहे. एक कॅनव्हास सुरू केला. दहा मिनिटांत सूर्य वर आला, सगळं गुलाबी झालं. आता त्याच कॅनव्हासवर गुलाबी चढवलं तर दोन्ही वेळा बिघडल्या. म्हणून तो बाजूला ठेवून दुसरा घ्यायचा. मग ढग आला, तिसरा. दुसऱ्या दिवशी निळं धुकं परत आलं की पहिला कॅनव्हास शोधून पुढे न्यायचा. जिव्हेर्नीला हे जमायचं, कारण तिथली हवा थोडीफार भरवशाची. लंडनमध्ये दर पाच मिनिटांनी नवं. पत्नी अलीसला लिहिलेल्या पत्रांत हीच तक्रार पुनःपुन्हा येते : हवी ती छटा समोर असते आणि त्या छटेचा कॅनव्हास ढिगात सापडत नाही; सापडेपर्यंत ती गेलेली असते.

माझ्या मते पूल हे इथे निमित्त आहे. तो हलत नाही, म्हणूनच निवडलाय. न हलणारी एक गोष्ट मध्ये ठेवली की तिच्यापुढच्या हवेत काय बदललं ते मोजता येतं. मालिकेतली दोन-तीन चित्रं शेजारी ठेवून पाहा. पुलाची मांडणी जवळपास तीच, आणि तरी एकही चित्र दुसऱ्याची नक्कल वाटत नाही.

७. धुकं खरंच एवढं होतं, की चित्रकाराची हौस?

धुकं म्हणण्यापेक्षा धुरकं म्हणा. लंडनमधल्या चुली, शेगड्या, कारखाने, आगगाड्या, बोटी सगळं दगडी कोळशावर चालायचं. हिवाळ्यात नदीकाठच्या ओलाव्यात तो धूर आणि गंधकाचे वायू मिसळले की दाट, रंगीत थर बसायचा. चित्रांत पुलामागे दिसणाऱ्या उंच चिमण्या दक्षिण तीरावरच्या कारखान्यांच्या आहेत. त्या शोभेसाठी घातलेल्या नाहीत.

मोनेला हे ठाऊक होतं, आणि आवडतही होतं. धुक्याविना लंडन सुंदर दिसणार नाही असं त्याचं मत होतं. लंडनच्या धुक्याला पिवळा, हिरवा, जांभळा, तपकिरी असे रंग असतात असंही तो सांगायचा. मार्च १९००च्या एका पत्रात तर तो सकाळी उठून पाहतो तर धुक्याचा मागमूस नाही, सगळी चित्रं वाया गेली असं वाटून हबकतो, आणि मग हळूहळू शेगड्या पेटतात, धूर परततो तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडतो. ज्या हवेने लंडनकर खोकत होते तिची हा माणूस वाट पाहत होता. हे वाचून अस्वस्थ वाटलं तर वाटू द्या. चित्रांचं सौंदर्य त्याने कमी होत नाही, पण ते कशातून आलं ते कळलेलं बरं.

२०२३ मध्ये टर्नर आणि मोनेच्या शंभरेक चित्रांचा एक वैज्ञानिक अभ्यास प्रसिद्ध झाला. चित्रांतल्या कडा किती पुसट आहेत, रंग किती पांढुरके आहेत, हे मोजून ते त्या काळच्या सल्फर डायऑक्साइडच्या अंदाजांशी ताडून पाहिलं, आणि दोन्हींची चाल बरीच जुळली. याचा अर्थ मोने हवामानखात्याची नोंदवही भरत होता असा नाही. एकेका चित्रातला रंग त्याने स्टुडिओत बसून बदललाही आहे (प्र. ११ पाहा). पण पुसटपणा त्याने मनाने रचला नव्हता. तो हवेतच होता.

८. जवळून पाहिलं की नुसते ठिपके दिसतात. पाहायचं कसं?

वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतलं १९०३ चं ‘करडा दिवस’ घ्या. आकार सुमारे ६५ बाय १०० सेंटीमीटर. गॅलरीच्या संकेतस्थळावर ते मोठं करून पाहता येतं, तेव्हा हे वाचत वाचत पाहा.

आधी पुलाच्या कठड्याची रेघ शोधा. पट्टीने मारल्यासारखी सरळ रेघ सापडत नाही. दोन वेगळ्या निळ्या-करड्या छटा एकमेकींना भेटतात, तिथे डोळा स्वतःच रेघ मानतो. मग त्या रेघेवरची वर्दळ बघा. बसगाड्या, घोडागाड्या, माणसं; पण एकाही गाडीला चाक नाही. आखूड, जाडसर फटकारे आहेत, मधूनच एखादा उबदार रंगाचा. चित्राच्या बाकीच्या भागात तो रंग जवळजवळ नाहीच, म्हणून तेवढ्या ठिपक्यांनी सगळा पूल गजबजतो. त्यानंतर कमानींच्या खाली उतरा. तिथे दगड कुठे संपला आणि पाण्यातली सावली कुठे सुरू झाली ते नक्की सांगता येणार नाही. फरक आहे तो फटकाऱ्यांच्या दिशेत : पुलावर ते आकार धरून जातात, पाण्यात आडवे पडतात. बोटीही तशाच, चार-दोन गडद आडव्या फटकाऱ्यांच्या.

शेवटी मागच्या चिमण्या. पुढच्या पुलापेक्षा त्या फिक्या आहेत आणि मधल्या धुराने मध्येच खाल्लेल्या आहेत. पूल आणि चिमण्या यांच्यामध्ये किती हवा आहे ते या फिकेपणावरून कळतं. दृश्याची खोली दाखवायला यथादर्शनाच्या (पर्स्पेक्टिव्हच्या) रेषांची फारशी मदत घेतलेलीच नाही.

९. काळा रंग अजिबात वापरला नाही म्हणतात, मग गडद भाग कसे आले?

१९०५ मध्ये कुणीतरी रंगांबद्दल विचारल्यावर मोनेने यादी दिली होती : शिशाचा पांढरा, कॅडमियम पिवळा, व्हर्मिलियन आणि गडद मॅडर हे दोन लाल, कोबाल्ट निळा आणि एमराल्ड हिरवा. काळा त्यात नाही. गडदपणा निळा, लाल आणि हिरवा एकमेकांत मिसळून आलेला आहे, म्हणून तो मेलेला वाटत नाही.

१०. त्याला मोतीबिंदू होता, म्हणून सगळं धूसर दिसायचं ना?

हे फार पसरलंय, पण लंडनच्या चित्रांना लागू पडत नाही. मोतीबिंदूचं निदान १९१२ मध्ये झालं, शस्त्रक्रिया १९२३ मध्ये. पुलाची चित्रं त्याआधीच हातावेगळी झाली होती. धूसरपणाचं कारण प्र. ७ मध्ये आहे.

११. तो १९०१ मध्येच लंडन सोडून गेला, मग चित्रांवर १९०३, १९०४ अशी सालं कशी? खोटी का?

खोटी नाहीत. मोने सहसा चित्र पूर्ण करून हातातून सोडताना साल घालायचा. लंडनमध्ये सुरू केलेले कॅनव्हास पेट्यांत भरून जिव्हेर्नीला आले आणि पुढची काही वर्षं स्टुडिओत त्यांच्यावर काम चाललं. काही आधीच विकले गेले, त्यांच्यावर १९०० वगैरे साल दिसतं. म्हणून संग्रहालयाच्या पाटीवरचं ‘१९०३’ वाचून त्या वर्षीच्या लंडनच्या हवेबद्दल काही अनुमान काढू नका.

खरा वाद याच्यापुढे आहे. जागेवर, झरझर रंगवणारा म्हणून ज्याची ख्याती, त्याने घरी बसून, लंडनपासून कित्येक मैल दूर, एकाच वेळी अनेक चित्रं समोर मांडून ती पुरी केली. शिवाय एका ओळखीच्या चित्रकाराकडून त्याने संसदेचं छायाचित्र मागवलं होतं. १९०५ च्या सुमारास ही कुजबुज त्याच्या कानावर गेली तेव्हा तो चिडला. चित्रं समोर पाहून काढली की नाही याच्याशी कुणाला काही देणंघेणं नाही, महत्त्व परिणामाला आहे, अशा अर्थाचं त्याने द्युराँ-र्‍युएलला लिहिलं.

मला त्याचं म्हणणं पटतं. क्षण पकडायला डोळा लागतो, पण तो क्षण चित्रात टिकवायला बैठक लागते. रंगाचे थर नीट पाहिले तर एका बैठकीत काढलेलं चित्र हे नव्हे, हे कळतंच. आधीचा थर वाळल्यावर वरून ओढलेले फटकारे त्यात स्पष्ट आहेत.

१२. वॉटर्लू आणि चेरिंग क्रॉस यांच्यात माझा गोंधळ होतो.

कमानी दिसल्या तर वॉटर्लू. सरळ, सपाट पट्टा आणि बारीक खांब दिसले, वरून आगगाडीचा पांढरा वाफारा जाताना दिसला, मागे संसदेच्या मनोऱ्यांची सावली असली तर चेरिंग क्रॉस. तो १८६४ चा लोखंडी रेल्वेपूल.

१३. आज लंडनला गेलो तर चित्रातला पूल दिसेल का?

नाही, आणि इथे बऱ्याच जणांची निराशा होते. चित्रातला पूल जॉन रेनीने बांधलेला, ग्रॅनाइटचा, नऊ कमानींचा. १८ जून १८१७ रोजी, वॉटर्लूच्या लढाईला दोन वर्षं झाली त्या दिवशी, तो खुला झाला. नदीच्या प्रवाहाने खांबांखालची माती धुपत गेली, १९२०च्या दशकात पूल खचायला लागला आणि १९३०च्या दशकात पाडला. आजचा पूल जाइल्स गिल्बर्ट स्कॉटच्या आराखड्याचा, दुसऱ्या महायुद्धात बांधला गेला. पुरुष कामगार आघाडीवर गेलेले, त्यामुळे बांधकामावर स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. म्हणून त्याला ‘बायकांचा पूल’ असंही म्हणतात.

कोन मात्र अजून मिळतो. चेरिंग क्रॉसच्या रेल्वेपुलाला लागून २००२ मध्ये पादचारी पूल झाले. त्यातल्या प्रवाहाच्या खालच्या अंगाच्या पुलावर सकाळी लवकर उभे राहा. डावीकडे सॅव्हॉय, समोर वॉटर्लू. चिमण्यांच्या जागी रॉयल फेस्टिव्हल हॉल आणि नॅशनल थिएटर. हवा आता स्वच्छ असते, तेव्हा मोनेसारखं दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका.

१४. चित्रं पाहायला कुठे मिळतील? लंडनमध्ये आहेत का?

अमेरिकेत राहणाऱ्यांची चंगळ आहे. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत वॉटर्लू पुलाची तीन आहेत आणि प्रवेश मोफत आहे. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्येही आहेत. पिट्सबर्ग, रोचेस्टर आणि वूस्टरलाही. कॅनडात ओटावा आणि हॅमिल्टन, युरोपात डब्लिन आणि हॅम्बुर्ग, रशियात हर्मिटाज, जपानमध्ये टोकियोचं पाश्चात्त्य कलेचं राष्ट्रीय संग्रहालय. जाण्याआधी चित्र भिंतीवर आहे की कुठे प्रदर्शनाला गेलंय, हे संकेतस्थळावर तपासून घ्या.

लंडनचा किस्सा वेगळा. मे-जून १९०४ मध्ये पॅरिसला द्युराँ-र्‍युएलकडे लंडनची ३७ चित्रं मांडली गेली. ती खूप गाजली. पुढच्या वर्षी लंडनमध्येही प्रदर्शन करायचं मोनेच्या मनात होतं, ते झालंच नाही. अखेर सप्टेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये कोर्टोल्ड गॅलरीने त्यातली बरीच चित्रं एकत्र आणली. सॅव्हॉयपासून चालत काही मिनिटांवर. लंडनच्या नॅशनल गॅलरीत मोनेच्या पहिल्या मुक्कामातलं वेस्टमिन्स्टरचं चित्र (सुमारे १८७१) आहे. ते पाहून ठेवलं तर तीस वर्षांत हात किती बदलला ते कळतं.

१५. यातलं एक चित्र चोराच्या आईने चुलीत जाळलं, हे खरं का?

ऑक्टोबर २०१२ मध्ये रॉटरडॅमच्या कुन्स्टहालमधून सात कलाकृती चोरीला गेल्या. त्यांत मोनेच्या दोन होत्या, एक वॉटर्लू पुलाची आणि एक चेरिंग क्रॉसची. दोन्ही १९०१ ची कागदावरची पेस्टल चित्रं. त्या खेपेला कॅनव्हासच्या पेट्या यायला उशीर झाला म्हणून मोनेने पेस्टल हातात घेतले होते. चोर रुमानियाचे निघाले. एका आरोपीच्या आईने आधी सांगितलं की पुरावा नष्ट करायला मी सगळं जाळलं, नंतर जबानी फिरवली. चुलीतल्या राखेत जुन्या चित्रांच्या रंगांचे अवशेष तज्ज्ञांना सापडले. मोनेची दोन्ही पेस्टल परत मिळालेली नाहीत. प्र. १ मधल्या ४१ तैलचित्रांत ती धरलेली नाहीत.

१६. किंमत काय?

नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ‘झाकोळलेला सूर्य’ या नावाचं एक सुमारे ६.४५ कोटी डॉलरना गेलं. तेव्हा घरी छापील प्रतच (प्र. १८).

१७. मुलगी इंटरमिजिएट देऊन पुढे चित्रकलाच घ्यायची म्हणतेय. सरावाला यातलं कोणतं उतरवू दे?

उन्हातलं नको, करड्या दिवसाचं घ्या. भगव्या-गुलाबी चित्रांत मुलं रंगाच्या मोहात पडतात आणि मधली हवा निसटते. तिला तीन गोष्टी करायला सांगा. एक, काळी ट्यूब लपवून ठेवा आणि करडा रंग निळा, लाल, हिरवा आणि पांढरा यांतूनच बनवू द्या. दोन, चित्राचा फोटो मोबाइलवर कृष्णधवल करून शेजारी ठेवा. सगळ्यात गडद आणि सगळ्यात फिका यांत किती थोडं अंतर आहे ते तेव्हा लक्षात येतं. नवशिक्यांची चूक बहुतेक वेळा इथेच होते, पूल फार गडद होतो आणि धुकं फाटतं. तीन, चिमण्या आधी रंगवायच्या, मग पूल. मागून पुढे यायचं.

जलरंगात करायचं असेल तर वरून फिका फटकारा मारण्याची सोय नाही, त्यामुळे हे चित्र जसंच्या तसं येणार नाही. पोस्टर कलर किंवा ॲक्रिलिक बरं पडतं. आणि एकदा उतरवून झालं की त्याच रीतीने जवळचा एखादा पूल, तीन वेगवेगळ्या वेळी, तीन छोट्या कागदांवर. कॉपीपेक्षा याने जास्त शिकायला मिळतं.

१८. घरी लावायला चांगली प्रत कशी मिळवायची?

वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीने तिच्याकडच्या या चित्रांच्या मोठ्या प्रतिमा मोफत उतरवून घ्यायला खुल्या ठेवल्या आहेत आणि मोनेचे हक्क कधीच संपले आहेत, त्यामुळे छापायला अडचण नाही. बाजारातल्या तयार पोस्टरवर रंग भडक करून ठेवलेले असतात, ते टाळा. छापखान्यात फाइल देताना ‘रंग वाढवू नका’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर करड्याचा निळा होतो. कागद चकचकीत नको, मॅट हवा. आधी वीतभर तुकडा छापून दिवसाच्या उजेडात बघा आणि मगच पूर्ण आकाराची ऑर्डर द्या.